४१४१ चा दादा कसा काढायचा

चाराचं पोट जरा गोल करायचं,
खाली शेपूट सोडायची,
एकाचा काना सरळ ठेवायचा
आणि वरून शिरोरेघ ओढली
की ४१४१ चा दादा होतो.
२१४ चा राम होतो.
एमएच पंधरा कोपऱ्यात इतकं बारीक
की मुंगीलाही चष्मा लागावा.
सत्तावीस वर्षं हेच केलं मी द्वारकेला,
उड्डाणपूल नव्हता तेव्हापासून.

आता खांबावर कॅमेरे आलेत
आणि चहाच्या टपरीवर दोन तट पडलेत.
निमसे म्हणतो, वसुलीचा धंदा आहे हा.
पिवळा दिवा किती सेकंद, कुणी मोजलाय?
थांबायची रेघ दोन वर्षांपूर्वीच पुसली,
आणि दंड कशाचा, तर रेघ ओलांडल्याचा!
दोंदे सर म्हणतात, हवालदाराच्या मुठीत पन्नास कोंबताना
नाही दुखलं कधी?
यंत्र निदान आमदाराचा भाचा ओळखत नाही.
ओळखत नाही, तेच तर, निमसे उसळतो,
बायकोला कळा सुटलेल्या, तोडला सिग्नल.
हवालदार असता तर शिट्टी फुंकत पुढं पळाला असता.
सर बशीत चहा ओततात.
मी बोलत नाही.

मलाही आलं चलन.
सकाळी सहा वाजून बारा मिनिटं, मुंबई नाका,
रस्त्यावर मी आणि एक कुत्रं.
हेल्मेट नाही, पायाशी रंगाचा डबा.
फोटोत तोंड अंधुक, पण नंबर,
काय सांगू, काय देखणा आलाय!
ठसठशीत, आकड्यांतलं अंतर नेमकं,
माझ्याच ब्रशचा.
माझ्याच अक्षरानं मला पकडून दिलं.
पाचशे रुपये.

त्याच आठवड्यात एक दादा
लाल दिव्यातून भुर्रकन निघून गेला.
मी मान वर करून पाहिलं.
कॅमेरा चमकला बरोबर,
पण त्याला तो वाचता येईना.

टपरीवर सांगत नाही ते इथं सांगतो.
नऊ वर्षांपूर्वी पपया नर्सरीपाशी
ललिता चारोस्कर, सातपूरची रात्रपाळी सुटून, सायकलवर.
मागून जीप.
दूधवाल्यानं पाहिलं, पोलिसांना म्हणाला,
नंबर नव्हता साहेब, दादा होता.
शहरात दादा किती, कुणाला ठाऊक?
मला ठाऊक होतं.
माझ्या वहीत एकतीस होते, नावागावासकट.
दुसऱ्या दिवशी पहाटे
आंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटवला
तो त्या वहीनं.

ललिता आता माझ्या समोरच्या गाळ्यात बसते,
डाव्या पायात सळई.
झेरॉक्स, लाइटबिल, चलनं.
लोक कॅमेऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत पैसे मोजतात,
ती पावती काढते, वर दहा रुपये घेते.
कॅमेरे चांगले की वाईट, तिला कुणी विचारत नाही.
माझंही चलन तिनंच भरलं.
फोटो मोठा करून बघत राहिली. म्हणाली,
काका, अक्षर छान आहे हो तुमचं.
वरचे दहा घेतले नाहीत.
खिशात तीच नोट घेऊन फिरतोय अजून,
ढीगभर सुट्ट्यांत ती खर्च होऊ नये म्हणून
वेगळ्या कप्प्यात.

नव्या पाट्या कारखान्यातून येतात,
दाबून उठवलेल्या आकड्यांच्या. माझं काम संपलं.
मग ठेकेदारानं रस्त्यावरचं दिलं,
पुसलेल्या रेघा पुन्हा मारायचं.

परवा रात्री दोन वाजता चौकात
गुडघ्यांवर बसून पांढरा रोलर ओढत होतो.
वर कॅमेरा, जागा.
दिवा लाल झाला.
मुंबईला निघालेली कोथिंबिरीची पिकअप आली,
सगळा चौक ओल्या वासाचा झाला.
ड्रायव्हर, मिसरूड न फुटलेलं पोरगं,
खिडकीतून वाकून विचारतो,
इथंच थांबायचं ना, काका?
मी म्हटलं, अजून थोडं मागं घे.
रेघ ओली आहे.